त्रयोदशी ते अमावास्या : कर्लीच्या पाण्यावर तीन दिवस

संक्रांतीनंतरच्या शनिवार-रविवारला एक रजा जोडून सगळ्या घराने मालवणजवळच्या देवबागला जायचे ठरले, तेव्हा पहिली हरकत सासूबाईंनी घेतली. दिनदर्शिकेच्या रविवारच्या चौकोनावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "पौष वद्य अमावास्या. अमावास्येला मुलांना घेऊन पाण्यावर जायचं? वर्षात दुसरे रविवार नाहीत का?" त्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चष्मा पुसत सांगितले की पाणी बघायला जायचे तर अमावास्येलाच जावे. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, पाणी नुसते कूस बदलते. उधाणाला ते उठून चालू लागते. अण्णांची सगळी नोकरी मुंबई बंदराच्या गोदीत गेली. जहाज आत घ्यायचे की बाहेर थांबवायचे हे जिथे भरतीवर ठरते तिथे तीस वर्षे काढलेल्या माणसाशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. सासूबाईंनी वाद सोडला, हरकत सोडली नाही.

मग अण्णांनी नातवंडांना समोर बसवून किनाऱ्यावरचे जुने गणित शिकवले. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्रवारी त्रयोदशी, म्हणून पावणेदहा. शनिवारी चतुर्दशी, साडेदहा. रविवारी अमावास्या, म्हणजे पंधरा धरायचे, सव्वाअकरा. माझ्या धाकट्याने, जो चौथीत आहे, हे तीन आकडे वहीत लिहून घेतले, आणि आमच्या सहलीचे वेळापत्रक म्हणून पुढे तीन दिवस तेच चालले. न्याहारी, जेवण, झोप यांच्या वेळा उरलेल्या जागेत बसवाव्या लागल्या.

शुक्रवार, त्रयोदशी

कोकणकन्या एक्स्प्रेसने रात्री ठाण्याहून निघून सकाळी कुडाळला उतरलो. आम्ही सातजण होतो : अण्णा, सासूबाई, आम्ही दोघे, नववीतली थोरली, धाकटा आणि माझा दीर. दिराने निघण्यापूर्वीच कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी होडी, चालवण्याच्या इतक्या चित्रफिती पाहिल्या होत्या की तो आम्हाला गाडीतच शिकवू लागला. नेरूरपारच्या पुलावर अण्णांनी गाडी थांबवायला लावली. खाली कर्ली नदी काठोकाठ भरली होती, काठच्या माडांची उलटी प्रतिबिंबे हलतही नव्हती. अण्णांनी घड्याळ पाहिले तर साडेनऊसुद्धा झाले नव्हते. "थोडी लवकरच भरलीय," ते पुटपुटले आणि गाडीत बसले. पण हिशोब चुकल्याचे शल्य त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

देवबाग ही जागा प्रथम जाणाऱ्याला चमत्कारिक वाटते. सह्याद्रीतून आलेली कर्ली नदी समुद्राच्या अगदी जवळ पोहोचूनही त्यात शिरत नाही. ती दक्षिणेकडे वळते आणि किनाऱ्याला समांतर वाहत जाऊन मग समुद्राला मिळते. लाटांनी आणून टाकलेल्या वाळूची एक लांब, अरुंद पट्टी या दोन पाण्यांमध्ये पसरली आहे आणि त्या पट्टीवर माडांच्या सावलीत देवबाग वसले आहे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी, मधे घरे, विहिरी, जाळी सुकवण्याची अंगणे आणि एकच रस्ता. आमच्या निवासाच्या पुढच्या ओटीवरून लाटांचा आवाज येई आणि मागच्या दाराशी नदी होती. पलीकडच्या काठावर, संगमाच्या दक्षिणेला, वेंगुर्ले तालुक्यातले भोगवे दिसे.

दुपारी तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले, भात आणि सोलकढी झाल्यावर मागच्या दारी गेलो तर सकाळची नदी नाहीशी झाली होती. पायऱ्यांपासून तीस-चाळीस पावले नुसता चिखल, त्यावर कलंडलेल्या दोन उलांडीच्या होड्या, आणि पाणी दूर मधल्या खोल भागात आवरून बसलेले. उलांडी म्हणजे होडी कलंडू नये म्हणून तिच्या एका अंगाला आडव्या दांड्यांनी बांधलेला लाकडी ओंडका. पाण्यात तो होडीचा तोल सांभाळतो. चिखलात मात्र कोपर टेकून आडवे झालेल्या माणसासारखी ती होडी दिसते. जवळच होडीवाले काका दोर सारखे करत होते. बाराच्या सुमारास पाणी अर्धे उतरले होते आणि तीनला ते तळाला गेले, हे ऐकून अण्णांनी आपला पाऊणपटीचा हिशोब त्यांच्यापुढे ठेवला. काका हसले. "अण्णानू, ह्या मुंबयचा गणित. आमच्याकडे पाणी त्याच्या पाऊण तास आधी भरता."

मग दोघांचे जे जमले ते बराच वेळ चालले. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते. म्हणून गोवा, मालवण, रत्नागिरी, मुंबई अशा क्रमाने बंदरे भरत जातात. शिवाय उत्तरेकडे जावे तसा पाण्याचा चढउतारही वाढतो. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते, इथे त्याच्या निम्म्यानेच. गोदीतला माणूस आणि खाडीतला माणूस एकाच लाटेला दोन ठिकाणी उभे राहून भेटत आले होते. धाकट्याने वहीतल्या तिन्ही आकड्यांतून पाऊण तास वजा करून नवे आकडे लिहिले : नऊ, पावणेदहा, साडेदहा. जुन्या आकड्यांवर अण्णांनी काट मारू दिली नाही.

पूर्ण ओहोटीनंतर पाणी काही मिनिटे कुठेच जात नाही. तीच वेळ नवशिक्यांना द्यायची, असा काकांच्या पुतण्याचा शिरस्ता होता, आणि कयाक त्याच्या ताब्यात होत्या. या कयाक वरून उघड्या, पोकळ प्लॅस्टिकच्या, आत बसण्याऐवजी वर बसण्याच्या. दोन जोडीच्या आणि काही एकेरी. लाइफ जॅकेटचा प्रत्येक पट्टा त्याने स्वतः ओढून पाहिला आणि खांद्याजवळ धरून जॅकेट वर उचलले. ते हनुवटीपर्यंत सरकले तर मापाचे नाही. दिराचे सरकले, त्याला लहान मापाचे घ्यावे लागले, आणि मुलांना तेवढाच आनंद झाला.

वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. आपण सगळेच सुरुवातीला ते दंडांनी ओढतो आणि दहा मिनिटांत खांदे भरून येतात. पुतण्याने सांगितले की हात जवळजवळ सरळ ठेवून कमरेपासून अंग वळवायचे, पाते पायाजवळ पाण्यात घालायचे आणि कमरेपाशी आल्याबरोबर बाहेर काढायचे. त्याहून मागे ओढले तर नाव पुढे जाण्याऐवजी बाजूला फिरते. जोडीच्या कयाकमध्ये पुढच्याने ताल धरायचा, मागच्याने तो पाळायचा आणि दिशा सांभाळायची. आम्ही दोघे एका कयाकमध्ये बसलो आणि पंचवीस मिनिटे एकाच जागी सुंदर वर्तुळे काढली. पुढे बसून ताल मी धरला होता. मागे बसलेल्याला तो पाळायचा असतो, ही गोष्ट सोळा वर्षांच्या संसारात प्रथमच इतक्या स्पष्टपणे चर्चेला आली. शेवटी थोरलीने बाबांना उतरवले, स्वतः मागे बसली आणि कयाक सरळ चालू लागली.

उलटण्याचा सरावही त्याने सगळ्यांना करायला लावला, आणि ही गोष्ट मला फार पटली, कारण बरेच ठिकाणी पैसे घेऊन माणसाला नुसते पाण्यावर सोडून देतात. मुद्दाम एका अंगाला झुकून पडायचे, वल्हे सोडायचे नाही, उलटी कयाक सरळ करायची, मग पलीकडची कड धरून पाय मागे झाडत अंग पाण्यावर आडवे आणायचे, पोटावर कयाकवर ओढून घ्यायचे आणि मगच वळून बसायचे. थेट गुडघा वर टाकणारा माणूस कयाक पुन्हा स्वतःवर पालथी घालतो. धाकटा पहिल्याच खेपेला चढला. मी चौथ्या.

रात्री जेवणानंतर समुद्राच्या बाजूच्या वाळूवर गेलो. वद्य त्रयोदशीचा चंद्र पहाटे उगवणार, त्यामुळे अंधार गडद होता. थोडा वेळ काहीच दिसले नाही, आणि मुले कुरकुरू लागली. मग फुटणाऱ्या लाटेच्या कडेवर फिकट निळी रेघ सरकत गेली. पहिल्यांदा वाटले डोळ्यांचा भास असावा. पण पुढच्या लाटेलाही तसेच झाले. ओल्या वाळूवर थोरलीने पाय घासला तर पावलाभोवती ठिणग्या उडाल्यासारखे झाले. पाण्यात नॉक्टिल्युका नावाचे एकपेशीय जीव मोठ्या संख्येने असले की ते हलल्याबरोबर चमकतात. थंडीच्या दिवसांत कोकण किनाऱ्यावर हे कधीकधी दिसते. दिराने कॅमेऱ्यावर खूप खटपट केली, परंतु छायाचित्रात काळ्याखेरीज काही आले नाही. सासूबाई तेवढ्यापुरते म्हणाल्या की अंधाराच्या रात्रीचा एवढा एक उपयोग झाला खरा.

शनिवार, चतुर्दशी

चढत्या पाण्याबरोबर वर जायचे आणि उतरत्या पाण्याबरोबर परत यायचे, हा बेत होता. पावणेआठला निघालो. पुतण्या एकेरी कयाकमध्ये पुढे, त्याच्यामागे थोरली आणि मी, मग धाकट्याला घेऊन त्याचे बाबा, शेवटी दीर. काकांच्या होडीत अण्णा बसले, जेवणाचे डबे त्यांच्या पायाशी. सासूबाई घरीच राहिल्या; त्यांच्या मते चतुर्दशी ही अमावास्येची सख्खी बहीणच.

सकाळी कर्लीवर धुक्याचा विरळ पडदा होता आणि वारा अजिबात नव्हता. वल्हे न मारताही कयाक आत सरकत होत्या, कारण समुद्र नदीच्या तोंडातून आत रेटत होता. मधूनच एखादी यांत्रिक होडी भरधाव जाई. तिच्या लाटा अंगावर येऊ लागल्या की नाळ, म्हणजे कयाकचे पुढचे टोक, त्यांच्याकडे करायचे. लाट आडवी घेतली तर तोल जातो. एका तासात आम्ही पट्टीच्या आडोशातून बाहेर पडून पूर्वेकडच्या रुंद पात्राला लागलो, आणि काठाची घरे संपून कांदळवन सुरू झाले.

दुरून हे सगळे एकच हिरवे झुडूप वाटते. पण पाण्याच्या पातळीवर बसून जवळ गेले की झाडे वेगळी ओळखू येतात. पाण्याच्या अगदी कडेला कांदळ : खोडापासून चहूकडे कमानीसारखी उतरलेली मुळे, जणू झाड पायांवर उभे राहून पाण्यात उतरायचे की नाही याचा विचार करत आहे. त्याचे बी झाडावरच रुजते आणि हिरव्या शेंगेसारखा लांबट कोंब खाली लोंबतो. पुढे तो गळून चिखलात उभा रुततो किंवा पाण्याबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे मूळ धरतो. त्याच्या मागे तिवर. तिची मुळे चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात आणि हवा घेतात. पुतण्याने तिवरेचे पान तोडून धाकट्याला चाटायला दिले. त्याने तोंड वाकडे केले, कारण पान खारट होते. झाडाने शोषलेले जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकलेले असते आणि उन्हात त्याचे बारीक कण दिसतात. पांढरी चिपी आम्हाला एके ठिकाणी भेटली. २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने हिला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून घोषित केले. शासनाचा मान मिळालेले झाड म्हणून मुलांनी तिच्याभोवती कयाक फिरवली; झाडाने काही विशेष दाखवले नाही.

साडेनवाच्या सुमारास एका अरुंद फाट्यातून आत वळलो. काकांची होडी तिथून जाण्यासारखी नव्हती, म्हणून अण्णा तोंडाशीच थांबले. फाटा जेमतेम दोन कयाक समोरासमोर निघतील एवढा, वर फांद्यांचे छत, आणि पाणी इतके थबकलेले की वल्ह्यावरून पडणाऱ्या थेंबांचा आवाज येत होता. चिखलाच्या उंचवट्यावर एक नांगा मोठा असलेले इवलेसे लाल खेकडे तो वरखाली हलवत होते. निवट्या, म्हणजे पाण्याबाहेर चिखलावर परांच्या आधाराने उड्या मारत चालणारे ते डोळे वर आलेले मासे, आमची चाहूल लागताच बिळात शिरत. एका खंड्याने समोरच्या फांदीवरून बुडी मारली आणि मासा घेऊन तो त्याच फांदीवर परत बसला. बोलावेसे कोणालाच वाटेना.

इथे आमचे वेळेचे भान सुटले. तिळाचे लाडू निघाले, थोरलीने चित्रवहीत कांदळाची मुळे काढायला घेतली. मधल्या वेळात अण्णांची होडीवरची हाक दोनदा ऐकू आली आणि आम्ही दोनदा "आलोच" म्हणालो. फाटा पुढे जिथे बंद होतो तिथे समुद्री गरुडाचे घरटे आहे, असे पुतण्याने बोलता बोलता सांगितल्यावर दीर आणि धाकट्यासह माझे यजमान ते पाहायला आणखी आत गेले. त्यांना परत या असे सांगायला पुतण्या निघाला तेव्हा बारा वाजत आले होते.

आता भरतीनंतर दोन तास होऊन गेले होते, आणि नेमके इथेच फसायला होते. सहा तासांत पाणी उतरायचे म्हणजे दर तासाला एक षष्ठांश उतरेल असे आपल्याला वाटते. तसे ते उतरत नाही. पहिल्या तासात एकूण उताराच्या बाराव्या हिश्शाएवढे, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन हिस्से, मग पुन्हा दोन आणि शेवटी एक. म्हणजे पहिले दोन तास पाणी जात नाही असेच वाटत राहते आणि मधल्या दोन तासांत निम्मे पाणी निघून जाते. त्यात चतुर्दशीचे उधाण. मी आणि थोरली सांगितल्याबरोबर निघालो, तरी तोंडापर्यंत येईतो कयाकचा तळ दोनदा घासला. मागचे तिघे वळणापलीकडे होते.

थोड्या वेळाने दिराची हाक आली. "वहिनी, आम्ही बसलोय!" कुठे बसलाय, असे मी विचारले. चिखलात, असे उत्तर आले.

पुढचा तास मी दुरून, मुळांच्या फटींतून पाहिला. घरटे त्यांना दिसलेच नव्हते. परत वळताना दोन्ही कयाक टेकल्या, आणि पुतण्या पोहोचायच्या आत दिराने उतरून ढकलण्याचा विचार केला. चित्रफितींत बहुधा वाळूचा किनारा असावा. इथला चिखल मांडीपर्यंत आला, आणि पाय उपसताना एक चप्पल खालीच राहिली. त्याला हात द्यायला यजमानांनी शेजारचे मूळ घट्ट पकडले. कांदळाच्या मुळांवर कालवे चिकटलेली असतात आणि त्यांच्या शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या असतात. तळहात आडवा कापला. धाकटा मात्र सांगितल्याप्रमाणे कयाकवर शांत बसून होता, आणि "मी उतरलो नाही" हे वाक्य त्याने त्यानंतर किमान पन्नास वेळा ऐकवले.

बाहेरून काकांचा आवाज आला, "रातच्या भरतीपर्यंत थंयच रवतलात काय?" मग त्यांनी दोरीचे वेटोळे पुतण्याकडे फेकले. पुतण्याने दिराला कयाकवर पोटावर आडवे व्हायला लावून पाय हळूहळू सोडवून घेतले. उभ्याने जोर लावला की पाय आणखी रुततो, आडवे झाले की भार पसरतो. मग एक गुडघा कयाकवर टेकून दुसऱ्या पायाने चिखल मागे लोटायचा, जसे मुले एका पायाने स्कूटर पळवतात, अशा रीतीने त्याने एकेक कयाक सरकवली आणि पुढून आम्ही दोरी ओढली. मोठ्या पात्राच्या पाण्याला कयाक लागल्या तेव्हा सव्वा वाजला होता. अण्णा कोणालाच एक शब्द बोलले नाहीत, डब्यातले घावन आणि चटणी हातावर ठेवत ते फक्त म्हणाले, "पावणेदहा वहीत लिहिले होते ना?"

परतीचा प्रवास उतरत्या पाण्यामुळे सोपा जाईल हा अंदाजही पुरता खरा ठरला नाही. दुपारी समुद्राकडून वारा सुटला. पाणी समुद्राकडे धावत होते आणि वारा त्याच्या तोंडावर येत होता, त्यामुळे पात्रात उभ्या, आखूड लाटा उठल्या आणि कयाक आपटत चालल्या. कापलेल्या हाताने यजमानांना वल्हे धरवेना. शेवटी त्यांची कयाक होडीमागे बांधली आणि धाकट्यासह ते होडीत बसले. थोरली आणि मी मात्र देवबागपर्यंत वल्हवत आलो. दोघींचे तळवे फोडांनी भरले होते, तरी मला हे नोंदवून ठेवायचे आहे.

निवासाच्या काकूंनी जखमेतील शिंपल्याचे कण तपासून, धुऊन, मालवणच्या डॉक्टरांकडे धनुर्वाताची सुई घ्यायला पाठवले. कालवाची जखम साधी समजायची नाही, ती चिघळते, असे त्यांनी बजावले. संध्याकाळ त्यातच गेली. रात्री खाऊन सगळे नऊला झोपले.

रविवार, अमावास्या

सकाळी समुद्राच्या किनाऱ्यावर रापण ओढत होते. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकलेल्या लांब जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर धरून दोन रांगा मागे मागे सरकत होत्या. सासूबाई, अण्णा, धाकटा असे सगळेच दोराला लागले. पेडवे बरेच, थोडे बांगडे. आम्ही लावलेल्या हातभाराबद्दल मूठभर पेडवे मिळाले. ते न्याहारीला तळले.

पाणी साडेदहाला भरणार होते, आणि संगमातून बाहेर समुद्रात जायची तीच वेळ. नदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो. ओहोटीला नदीचे पाणी जोराने बाहेर पडते आणि समोरून येणाऱ्या लाटा त्या उथळ दांड्यावर फुटतात, तेव्हा लहान होडीने तिथे जाणे धोक्याचे. पूर्ण भरतीला पाणी खोल असते आणि थबकलेले असते. काकांच्या यांत्रिक होडीत चढण्यापूर्वी सासूबाईंनी काठावर उभे राहून नारळ पाण्यात सोडला, हात जोडले आणि मग सर्वांत पुढे जाऊन बसल्या. अमावास्येची हरकत तिथे संपली.

वाटेत पर्यटकांचे आवडते त्सुनामी आयलंड लागते. नाव २००४ च्या त्सुनामीवरून पडले. एरवी त्या वाळूच्या उंचवट्यावर तंबू, खुर्च्या, जलक्रीडेची आरडाओरड असते. उधाणाच्या भरतीत मात्र तिथे गुडघाभर पाणी आणि एक रिकामा बांबू एवढेच होते. मला ते तसेच आवडले.

बाहेर आल्यावर काकांनी वेग कमी केला. भोगव्याच्या समोर, निवतीच्या दिशेला, पाण्यातून करडी पाठ वर आली. मग दुसरी. पाठीवर उंचवटा असलेले हे कुबडे डॉल्फिन किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातच वावरतात. आणखी दोन होड्या त्यांच्यामागे धावू लागल्या तसे काकांनी आपले यंत्र बंदच केले आणि आम्ही नुसते तरंगत राहिलो. दहा मिनिटांनी दोन डॉल्फिन, बहुधा मादी आणि पिल्लू, आमच्या डाव्या अंगाने इतक्या जवळून गेले की त्यांनी श्वास सोडल्याचा फुस्स आवाज आला. पाठलाग करणाऱ्या होड्यांना काय दिसले ते त्यांनाच ठाऊक.

दुपारी सामान आवरून मालवणला आलो. रात्रीची गाडी पकडण्यापूर्वी सिंधुदुर्ग पाहायचा होता आणि तो ओहोटीला पाहायचा असा अण्णांचा आग्रह होता. पूर्ण ओहोटी साडेचारच्या सुमारास. आम्ही सव्वातीनला धक्क्यावरून होडीत बसलो. किनाऱ्यावरून किल्ला पाण्यात तरंगल्यासारखा दिसतो. पण होडी सरळ न जाता आधी एकीकडे, मग दुसरीकडे वळत गेली, आणि का ते लगेच दिसले. अमावास्येच्या ओहोटीने किल्ल्याभोवतीचे खडक उघडे टाकले होते. काळे, शेवाळलेले, कुठे कासवाच्या पाठीसारखे, कुठे नुसते एक टोक पाण्यावर. आणि त्यांच्यामधून जाणारी ठरलेली वाट होडीच्या तांडेलाला पाठ होती. भरतीला यातले काहीही दिसत नाही. परक्या जहाजाच्या कप्तानाला समोर नुसते निळे पाणी आणि त्यापलीकडे तट दिसत असणार.

शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या किनाऱ्यावर, मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून या किल्ल्याचा पाया घातला आणि १६६७ मध्ये तो पूर्ण झाला. कुरटे नावाच्या बेटावर, ४८ एकरांत, नागमोडी तटाचा. दरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत असा लपलेला आहे की होडी अगदी समोर येईपर्यंत ती फट दिसत नाही. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूबाजूंनी खारे पाणी असताना त्यांचे पाणी गोड कसे, हा प्रश्न धाकट्याने विचारला. अण्णांनी सांगितले की बेटावर पडलेले पावसाचे पाणी खडकात आणि वाळूत मुरते आणि हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्याच्या वर थर धरून राहते. राजाराम महाराजांच्या काळात उभारलेल्या शिवराजेश्वर मंदिरातील मूर्तीच्या डोक्यावर नावाड्याची टोपी आहे. शिरपेचाची अपेक्षा ठेवून आलेली थोरली ती टोपी बराच वेळ पाहत राहिली. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत सिंधुदुर्गही आहे. त्याचा फलक शोधण्यात दिराने वेळ घालवला, आम्ही तटावर गेलो.

पश्चिमेच्या तटावरून अण्णा बराच वेळ खाली बघत होते. नुसती भिंत बांधून भागले नसते, असे ते म्हणाले. बेट निवडणाऱ्याने आधी एखाद्या अमावास्येला इथे येऊन पाणी पूर्ण उतरेपर्यंत वाट पाहिली असली पाहिजे. हा त्यांचा तर्क. मी त्याला पुरावा मागितला नाही.

साडेपाचच्या आधी शेवटची होडी परतीला निघाली. पाणी पुन्हा चढू लागले होते आणि आलो त्या वेळचे दोन-तीन खडक आता दिसेनासे झाले होते, तरी होडी त्यांना त्याच जागी वळसा घालून गेली. मालवणच्या धक्क्याच्या खालच्या पायऱ्या शेवाळाने हिरव्या आणि निसरड्या होत्या. सासूबाईंना हात द्यायला यजमानांनी चुकून पट्टी बांधलेला हात पुढे केला, तेव्हा त्यांनी तो बाजूला सारला आणि धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून त्या वर चढल्या. बाजारातून खाजा आणि कोकम घेतले, दिरासाठी एक चपलांचा जोड घेतला, आणि कुडाळकडे निघालो. नेरूरपारच्या पुलावर आलो तेव्हा अंधार पडला होता. गाडी थांबवली नाही, पण सगळ्यांनी काचा खाली केल्या.